जहाज थांबते तेवढ्या वेळात

पूर्वी आपल्या वस्त्यांतील मुले गिरणीत, गोदीत, रेल्वेत चिकटत. आता त्यांतील काही परदेशी पर्यटक जहाजांवर नोकरीला जातात. कोणी स्वयंपाकघरात, कोणी टेबलावर वाढायला, कोणी धुलाईखान्यात. सहा-आठ महिन्यांच्या करारावर जायचे, पाण्यावर राहायचे, घरी पैसे धाडायचे. मुलगा जग फिरतो असे आपण कौतुकाने शेजाऱ्यांना सांगतो. पण वस्तुस्थिती अशी की, जहाज धक्क्याला लागले आणि कामातून सुटका झाली, तर त्या तीन-चार तासांत जे दिसेल तेवढेच त्याचे जग. त्या तासांचे काय करावे आणि कसे करावे, हा प्रश्न आमच्या घरात २०२३ च्या मे महिन्यात उभा राहिला. त्यातून आम्हा सर्वांना जे शिकायला मिळाले ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या एका जहाजावर मदतनीस वेटर आहे. त्या वेळी त्याचे जहाज अमेरिकेतील मायामी बंदरातून निघे आणि मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर दिवसभर थांबे. एका रविवारी त्याने फोनवर सांगितले, "काका, कोझुमेलला आम्ही तिघे मित्र स्कूबा करणार आहोत. जहाजाच्या सहलीतून नाही, आमचे आम्ही ठरवून." पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडात श्वास घ्यायची नळी, डोळ्यांवर काच आणि समुद्राच्या पोटात बुडी, म्हणजे स्कूबा. वहिनींनी फोन हातात घेतला आणि विचारले, "तुला तिकडे पोट भरायला धाडलंय की बुडायला?"

वहिनींचा राग समजण्यासारखा होता. खर्च शंभर डॉलरहून थोडा अधिक, म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये. तेवढ्यात घराचा महिन्याचा किराणा येतो. शिवाय जहाज चुकले तर नोकरी जाण्याची भीती, आणि पाण्याखाली काही झाले तर हजारो मैलांवर धावून जाणारे कोण? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, कचेरीत कारकुनी करणारे. आम्ही वहिनींना एवढेच म्हणालो, "आधी सगळा हिशेब कागदावर मांडू. जमला तर हो म्हणू, नाही जमला तर तोच नाही म्हणेल."

पहिला हिशेब शरीराचा. मुलगा अगदीच नवखा नव्हता. आदल्या हिवाळ्यात सुटीवर आला तेव्हा महापालिकेच्या जलतरण तलावात त्याने रोज पोहण्याचा सराव केला आणि मग तारकर्लीला जाऊन प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला. त्यासाठी २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगून राहावे लागते. हा अभ्यासक्रम केलेल्याला १८ मीटर खोलीपर्यंत जाता येते. ज्याने काहीच शिकलेले नाही त्याला प्रशिक्षकाच्या हाताखाली नुसती ओळखीची बुडी मिळते, तीही १२ मीटरच्या आतच.

त्या अभ्यासक्रमाआधी प्रकृतीचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कानाच्या आजाराचा प्रश्न असतो. लहानपणी आमच्या पुतण्याचा कान वाहायचा. चाळीतल्या किती मुलांचा वाहतो, हे आपण जाणतोच. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "लिहू नका. कोण तपासतो?" आम्ही घरातले सगळे एकमताने म्हणालो की लिहायचे. कारण फॉर्म लपवाछपवी खपवून घेईल, पण पाणी घेणार नाही. समुद्राच्या पृष्ठभागावर असतो त्याच्या दुप्पट दाब अवघ्या १० मीटरवर येतो आणि तो सर्वांत आधी कानाच्या पडद्याला कळतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकली तर दाब सारखा होतो. पण पडद्याला भोक असेल किंवा सर्दीने नळी बंद असेल तर इजा व्हायला वेळ लागत नाही. सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासले, पडदा भरून आल्याचे सांगितले आणि तसे लिहून दिले. ते पत्र मुलाने जपून ठेवले आणि कोझुमेलच्या स्कूबावाल्यालाही आधीच पाठवले.

दुसरा हिशेब होता, सहल जहाजाची घ्यावी की आपण ठरवावी. जहाजातर्फे सहल घेतली तर मोठा फायदा असा की, परतायला उशीर झाला तरी ती जबाबदारी जहाजाची असते. त्या बदल्यात दर चढे असतात, गर्दी असते आणि नवखे-जुने सगळे एकाच नावेत. स्वतः ठरवले तर पैसे कमी पडतात, एका मार्गदर्शकामागे चार-पाचच माणसे मिळतात आणि जागा निवडता येते. पण उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. म्हणजे सहल स्वस्त होते ती जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतल्यामुळे, हे आधी ध्यानात ठेवले पाहिजे. जहाजावरच्या कामगाराला तर प्रवाशांच्याही आधी परतावे लागते. शिवाय बंदरात असतानाही काही कामगारांना सुरक्षेसाठी जहाजावरच थांबण्याची पाळी येते. त्या दिवशी आपली पाळी नाही ना, हे मुलाने वरिष्ठांकडून आधी पक्के करून घेतले आणि सकाळच्या न्याहारीचे काम एका सहकाऱ्याशी बदलून घेतले.

तिसरा हिशेब वेळेचा, आणि खरी मेख येथेच आहे. कोझुमेल हे मेक्सिकोच्या किन्ताना रो राज्यात येते. या राज्याने १ फेब्रुवारी २०१५ पासून आपले घड्याळ बदलले आणि तेथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धतही नाही. मायामीत मात्र ती आहे. त्यामुळे उन्हाळ्यात मायामीचे घड्याळ कोझुमेलच्या एक तास पुढे असते आणि हिवाळ्यात दोन्ही सारखी चालतात. पुतण्याच्या जहाजावर मायामीची वेळ चाले. म्हणजे मे महिन्यात जहाजावर चार वाजले की बेटावर तीन. त्यातून हातातला फोन किनाऱ्यावर पाय ठेवताच आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो! फोनवर भरवसा ठेवणारा माणूस तेथे एका तासाने फसू शकतो.

आम्ही वहीत दोन रकाने आखले, एक जहाजाच्या वेळेचा आणि एक बेटाच्या. कामगारांनी जहाजावर परतायची वेळ जहाजाचे चार, म्हणजे बेटाचे तीन. त्याच्या दोन तास आधी, म्हणजे बेटाच्या घड्याळात एकच्या ठोक्याला मुलांनी धक्क्यावर उभे असावे, असा नियम ठरला. मुलाने साध्या काट्याचे घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून मनगटावर बांधले.

मग स्कूबावाल्याला पत्र लिहिले. कोझुमेलला मोठ्या जहाजांचे तीन धक्के आहेत: गावातील पुंता लँगोस्ता, त्याच्या दक्षिणेस इंटरनॅशनल पिअर आणि पुएर्ता माया. आपल्याकडे भाऊचा धक्का आणि बॅलार्ड पिअर यांची गल्लत केली तर जे होईल तेच तेथेही होते. म्हणून पहिला प्रश्न, नाव कोणत्या धक्क्याजवळून घेईल आणि धक्का बदलला तर काय? दुसरा, परतीची वेळ कोणती, तीही बेटाच्या घड्याळाने. तिसरा, एका मार्गदर्शकामागे माणसे किती? चौथा, नावेवर प्राणवायूची सोय आहे का? पाचवा, वाऱ्यामुळे जहाज बंदराला लागलेच नाही किंवा उशिरा लागले तर पैशाचे काय? सहावा, भाड्याचे साहित्य आणि सागरी उद्यानाचे शुल्क धरून एकूण रक्कम किती? सगळी उत्तरे लेखी मागवली. एका दुकानाने पाचव्या प्रश्नाला बगल दिली. त्याला सोडले आणि दुसरे धरले.

एक हिशेब विमानाचाही आहे. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतील नायट्रोजन शरीरात मुरतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणूनच वर येताना मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेग ठेवायचा नाही आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. याच कारणाने एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असे या क्षेत्रातील जाणकारांनी ठरवून दिले आहे. पुतण्याचा करार संपायला बराच अवकाश होता, म्हणून ही चिंता नव्हती. पण सहल संपवून थेट विमानतळ गाठणाऱ्या प्रवाशाने हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष दिवसाचे ऐका. बेत होता पालांकार येथे दोन बुड्यांचा. मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत पसरलेल्या विशाल प्रवाळरांगेचा हा एक भाग, आणि कोझुमेलची ही प्रवाळे १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहेत. पालांकार बेटाच्या दक्षिण टोकाकडे, नावेने बरेच दूर. पण त्या दिवशी जहाजच सव्वा तास उशिरा धक्क्याला लागले. तिघे खाली उतरले तेव्हा बेटावर साडेनऊ झाले होते. स्कूबावाला भला माणूस. म्हणाला, "नाव थांबवून ठेवली आहे. दोन्ही बुड्या होतील, दोन वाजता परत आणतो." गोव्याचा मित्र फोनकडे पाहून म्हणाला, "दोन ते चार, दोन तास आहेत की!" पुतण्याने मनगट पुढे केले. बेटावर दोन म्हणजे जहाजावर तीन. हातात उरतो एकच तास, आणि नावेचे इंजिन बिघडले तर तोही नाही.

पालांकारसाठी मुलाने चार महिने पैसे साठवले होते. मन मोडणे सोपे नव्हते. तरी तिघांनी दूरचा बेत सोडला आणि धक्क्यांपासून जवळच असलेल्या पॅराइसो येथे एकच बुडी घेतली. पत्रात आधीच ठरलेले असल्याने फरकाची रक्कम परत मिळाली. कोझुमेलला पाण्याला ओढ असते. माणूस प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि वर नाव बुडबुड्यांमागून चालत राहते. तशी चाळीस मिनिटे ते वाहत गेले. कोरलला हात लावायचा नाही, हातमोजेही घालायचे नाहीत, असा तेथला दंडक. एका कपारीत मार्गदर्शकाने बोट दाखवले. पट्टेरी तोंडाचा, पिवळ्या कडांच्या परांचा एक मासा दबा धरून बसला होता. बेडूकतोंड्या म्हणावा असा हा मासा खास या कोझुमेलच्या परिसरातला. पालांकारला न जाताही जे दुसरीकडे सहसा दिसत नाही ते त्यांना दिसले.

इकडे मुंबईत रात्रीचे पावणेअकरा झाले तेव्हा वहिनींच्या फोनवर निरोप आला, "धक्क्यावर पोचलो. जेवून घे." त्या तोवर जेवल्या नव्हत्या. ताट वाढून घेताना म्हणाल्या, "भावजी, त्याला विचारा, तो मासा कसा होता?"

काही लोक आम्हाला म्हणाले, गरिबाच्या पोराला हे चोचले कशाला? त्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे. २००६ साली सागरी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ साली अंमलात आला आणि भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि आरोग्यासाठी किनाऱ्यावर उतरण्याची रजा, या गोष्टी त्या कराराने मान्य केल्या आहेत. म्हणजे किनाऱ्यावरचे ते चार तास कोणाची मेहेरबानी नाहीत, तो कामगाराचा हक्क आहे. जो मुलगा आठवडाभर इतरांच्या सहलीचे ताट वाढतो, त्याने एक दिवस स्वतःची सहल करावी, यात चैन ती कोणती? मात्र हक्काच्या वेळेचाही हिशेब असतो आणि तो ज्याचा त्याने ठेवायचा असतो.

म्हणून ज्यांची मुले-मुली जहाजांवर आहेत, किंवा ज्यांना परदेशी असलेली मुले अशा सहलीला नेणार आहेत, त्यांना आमची विनंती आहे. मुलांना नुसते "जाऊ नको" म्हणू नका. त्यांच्याबरोबर वही घेऊन बसा. प्रकृतीचे खरे लिहायला लावा, दोन घड्याळांचे दोन रकाने आखा, बोलणी लेखी ठेवा, आणि वेळ अपुरी पडली तर बेत लहान करायची तयारी आधीपासून मनात ठेवा. एवढे करून मुलगा म्हणाला की जातो, तर त्याला आनंदाने जाऊ द्या.