भिंतीवरची सूचना

2023 च्या डिसेंबरात मुलीकडे लंडनला गेलो असता एका रात्री पोटात असह्य कळा येऊ लागल्या आणि तिने मला तडक रुग्णालयात नेले. तातडीच्या विभागातील बाकावर रात्र काढणे म्हणजे एखाद्या जंक्शनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणेच होय. अशा वेळी माणूस भिंतीवर जे असेल ते वाचतो. समोर एक सूचना होती : ज्या प्रौढ रुग्णाचे रक्त काही कारणाने घेतले जाईल, त्याच्या रक्ताची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांसाठीही तपासणी होईल, नको असल्यास तसे सांगावे.

खरे सांगतो, मला राग आला. निवृत्तीपर्यंत चारित्र्यावर एकही प्रतिकूल शेरा न पडलेल्या माणसाची ही तपासणी! पण परिचारिकेने त्याच सुईतून एक नळी जास्त भरली आणि ती पुढच्या रुग्णाकडे वळली. तिच्या लेखी मी संशयित नव्हतो. केवळ क्रमाने आलेला एक होतो.

ही योजना एप्रिल 2022 मध्ये लंडन, ब्रायटन, मँचेस्टर, ब्लॅकपूल अशा ठिकाणी सुरू झाली. त्यामागचा विचार साधा आहे. हे विकार वर्षानुवर्षे मुकाट्याने शरीरात राहतात. हिपॅटायटिस सी तर वीस-तीस वर्षे यकृत पोखरीत असतो आणि रोग्याला त्याची वार्ताही नसते. असा माणूस आपण होऊन तपासणीला जात नाही. पण कधी ना कधी हात मोडून वा छातीत दुखून तो या दारात येतोच. तेवढ्यात त्याला गाठायचे. आज हिपॅटायटिस सी आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, आणि एचआयव्हीचा रोगी नियमित औषधांवर दीर्घायुष्य जगतो. उशीर होतो तो केवळ कळण्याला.

त्या बाकावर मला ग्वाल्हेरचे दिवस आठवले. तेथे आमचे एक लेखाधिकारी होते. गृहस्थ इतके सोवळे की सुपारीचे खांडही तोंडात टाकीत नसत. 1985 मध्ये स्कूटरच्या अपघातानंतर त्यांना रक्त चढवावे लागले होते. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच 1989 मध्ये. तेव्हा ते रक्त तपासणार कोण? पुढे त्यांचे यकृत सुजले, पोटात पाणी झाले. कचेरीत कुजबुज सुरू झाली, ‘घरच्या घरी घेत असणार.’ मी ते बोललो नाही; पण कोणी बोलले तेव्हा मान हलविली. डॉक्टरांनीही संकोचाने वेगळी तपासणी सुचविली नसावी. ती झाली 2004 मध्ये, मृत्यूला तीन महिने उरले असताना. त्या काळचे उपचार आजच्याइतके गुणकारी नव्हते हे खरे. परंतु निदान बदनामी तरी टळली असती.

एकट्यालाच विचारले की तो संशय ठरतो. सर्वांना विचारले की तो केवळ शिरस्ता होतो. मात्र कळांनी तळमळणारा माणूस भिंत वाचतो का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला कायदा एचआयव्हीच्या तपासणीसाठी रोग्याची समजून दिलेली संमती मागतो, आणि तेच योग्य आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस सीची औषधेही मोफत मिळू लागली. तेव्हा आपल्या रुग्णालयांतून भिंतीऐवजी माणसाने विचारावे. पण सर्वांनाच विचारावे, कपडे आणि हुद्दा न पाहता.

माझ्या रक्तात काही आढळले नाही. परतल्यावर पुण्यात त्या सहकाऱ्याच्या पत्नीला भेटलो आणि मान हलविल्याची ती जुनी गोष्ट सांगून टाकली.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “यांना ते ठाऊक होतं, भाऊजी. म्हणून तर रविवारचं तुमच्याकडे येणं यांनी बंद केलं.”