"तुला पाणी हवें का?"

घरांतील वडील माणसांस आपल्या अनुभवाचा फार अभिमान असतो. आम्हांसही होता, तो आमच्या नातवानें उतरविला.

नातू चार वर्षांचा होता. एके दिवशीं दुपारीं आमच्यापुढें उभा राहून, पण आमच्याकडे न पाहतां, तो म्हणाला, "तुला पाणी हवें का?" आजोबांस 'तुला' म्हटलेलें ऐकून आम्ही त्यास दटाविलें. त्यानें तेंच वाक्य पुनःपुन्हां म्हटलें आणि शेवटीं कान झांकून रडत जमिनीवर अंग टाकलें. "आई दिवसभर कचेरींत, मुलास वळण कोण लावणार?" असें आम्ही सूनबाईस ऐकविलें. ती मुकाट्यानें भांडें भरून घेऊन आली. मुलगा घटाघटा पाणी प्यायला.

पुढें डॉक्टरांनीं त्यास स्वमग्नता असल्याचें सांगितलें, तेव्हां त्या वाक्याचा उलगडा झाला. पाणी देतांना आई जें विचारी, तेंच त्याच्या लेखीं पाणी मागण्याचें वाक्य होतें. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें परत बोलणारीं, स्वतःस 'तू' म्हणणारीं मुलें त्यांतही आहेत.

त्याच लेखांत आईबापांच्या रुक्षपणाचाही उल्लेख होता. पुढें कित्येक वर्षें मोठमोठ्या विद्वानांनीं सारा दोष आईच्याच माथीं मारला. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनीं ग्रंथ लिहून हें मत खोडून काढलें. ते स्वतः अशाच एका मुलाचे पिता होते. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणींतील भिन्नता असून तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे, हें आज सर्वमान्य आहे. हें वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. त्यांस जुन्या पंचांगांतील तिथिवार तोंडपाठ असत, आणि पाहुणे आले कीं ते माळ्यावर जाऊन बसत!

विद्वान चुकले, म्हणून आमची चूक लहान होत नाहीं. सूनबाईची क्षमा मागावयास आम्हांस दोन वर्षें लागलीं. ती एवढेंच म्हणाली, "त्याला पाणी तुम्हीच देत जा." आतां तें वाक्य कानीं पडलें कीं आम्हीच उठतों, आणि "मला पाणी हवें" असें त्याच्या वतीनें म्हणून भांडें त्याच्या हातीं देतों. अलीकडे क्वचित् तोही 'मला' म्हणतो.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें मूल असेल, तर त्यास दटाविण्यापूर्वीं तें काय मागत आहे, हें त्याच्या आईस विचारावें. बहुधा तिला ठाऊक असतें.