डिकीतली आजी

सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस म्हणजे विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूचा डॉक्टर, असा आपल्या घरच्यांचा ठाम समज असतो. दिवाळीत वर्ध्याला गेलो तर बाबांनी चहासुद्धा संपू दिला नाही. "सीडी चेंजर अडकलाय रे. आई आत आहे."

आई म्हणजे त्यांची आई, माझी आजी. २००७ साली तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून मी एका सीडीवर लिहून दिल्या होत्या. मूळ फाइल्स त्या लॅपटॉपबरोबरच गेल्या, आजी २०११ मध्ये गेली. उरली ती एक सीडी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : डिकीत बसवलेल्या या चेंजरमध्ये सहा सीडींचा डबा सरकवायचा. आतली छोटी लिफ्ट हवी ती सीडी ओढून लेसरसमोर धरते. आता मात्र डॅशबोर्डवर 'एरर' आणि डबा बाहेर यायला तयार नाही. दुकानदार स्क्रूड्रायव्हर घालून तो उपटायला निघाला होता. वर सल्ला, "काऊन जीव लावता याले काकाजी? ब्लूटूथवाला लावून टाका." बाबा गाडी घेऊन परत आले.

डीबगिंगचा पहिला नियम : उघडण्याआधी लक्षण नीट ऐका. फ्यूज शाबूत, मल्टिमीटरवर १२.४ व्होल्ट. बटण दाबलं की मोटर घरघरते, लिफ्ट अर्ध्यावर जाऊन परत फिरते. म्हणजे वीज आहे, मेंदू आहे, गुडघे धरलेत!

चेंजर बाहेर काढून झाकण उघडलं. ग्रीसचं पार मेण झालेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद डिकीत तर विचारूच नका. त्यात शेतातला कापूस याच डिकीतून येतो, त्याचे तंतू ग्रीसमध्ये वळून वाती झालेल्या. लिफ्टचा गिअर बोटानेच हळूहळू फिरवत राहिलो. शेवटी लिफ्ट जागेवर बसली आणि डबा अलगद बाहेर आला. आजीच्या सीडीवर ओरखडा नाही. हुश्श!

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड्स (कापसाचा मळ कापसानेच काढला), नवं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ, लेन्सवर हलका हात. हे करणार असाल तर एक पथ्य : उघडा चेंजर चालू असताना लेन्सकडे बघायचं नाही. त्यातला ७८० नॅनोमीटरचा लेसर डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण इजा करू शकतो.

विकतच्या पाच सीडी झकास वाजल्या. आजीची शेवटच्या दोन ट्रॅकवर अडखळली. चौथ्या कप्प्यातून काढून पहिल्यात टाकली, तर बिघाड सीडीबरोबरच गेला. म्हणजे चेंजर सुटला, आरोपी सीडी.

विकतच्या सीडीवर खड्डे ठशाने उमटवलेले असतात. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. गंमत म्हणजे हे कळत नाही. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेलं गणित सीडीत वापरलंय. त्याच्या जोरावर सुमारे अडीच मिलिमीटरचा ओरखडासुद्धा प्लेअर बिनबोभाट पचवतो. गाणं चालू असतं, आपण खूश असतो, आणि आत चुका साठत असतात. खरखर ऐकू येते तेव्हा पचवायची ताकद संपलेली असते. आपल्या सर्व्हरचंही असंच असतं, नाही का? आणि वडीलधाऱ्यांचंही. "बरं आहे सगळं" म्हणत राहतात.

असो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये सीडी टाकून 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' लावलं. ते रुसलेला भाग पुन्हा पुन्हा वाचत राहतं. शेवटच्या दोन ट्रॅकना चार तास लागले. काही सेकंद सोडून सगळं आलं. त्या रिकाम्या जागेपाशी बाबा म्हणाले, "इथे ती माझं नाव घ्यायची."

ते सेकंद आता कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाहीत. तेव्हा मंडळी, कपाटात मार्करने नावं लिहिलेल्या सीडी असतील तर या शनिवारीच काढा. अजून नीट वाजतायत? मग कॉपी करायची वेळ हीच.