वही झाकून विचारते

धाकट्या लेकीनं नर्सिंगचा कोर्स पुरा केला आणि म्हणाली, “आई, मी जपानी शिकते. तिकडे म्हातारी माणसं फार. त्यांच्या सेवेला बाहेरच्या मुली घेतात, पण भाषा यायला हवी.”

सासूबाई लगेच म्हणाल्या, “इथं म्हातारं माणूस नाही का गं?”

मी गप्प बसले. क्लास पुण्याला. तिथल्या राहण्या-खाण्याचा खर्च शाळूच्या पैशात बसणारा नव्हता. पोरगी घरीच पुस्तक घेऊन बसली. हिरागानाची ४६ अक्षरं, कताकानाची तेवढीच. अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म... मी भाकरी थापता थापता म्हटलं, “अगं, हा तर आपल्याच वर्णमालेचा क्रम!” खरंच तसं आहे. बौद्ध धर्माबरोबर आपली वर्णमाला तिकडे पोचली. वाक्यही आपल्यासारखंच. ‘मिझु ओ नोमिमास’ म्हणजे ‘पाणी पिते’. क्रियापद शेवटी.

डिसेंबरात तिनं पुण्याला ‘एन-५’ ही पहिली परीक्षा दिली. १८० पैकी ८० लागतात, तिला ९४ मिळाले. तरी नापास! ऐकण्याच्या ६० गुणांत निदान १९ हवेत, तिला १५ पडले. दोन दिवस पोरगी धड जेवली नाही.

चूक साधी होती. सगळं मनातल्या मनात वाचलं होतं. कानाला भाषेची ओळखच नव्हती.

मग रीत बदलली. पहाटे अर्धा तास मोबाईलवर ऐकायचं, थांबवून तसंच मोठ्यानं म्हणायचं. नवे शब्द रोज दहाच. तेच दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं पुन्हा विचारायचे. विचारायचं काम माझं. वहीत एकीकडे मराठी, दुसरीकडे जपानी. जपानी बाजू मी हातानं झाकते. मला ती भाषा येत नाही, पण लेक अडखळली की कळतं.

आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथल्या माणसांत राहून चिनी शिकले. आपल्याला ती माणसं घरी आणता येत नाहीत, पण त्यांचा आवाज आणता येतो.

जुलैत ती पास झाली. ऐकण्यात ३४! आता सकाळी आजीला नुसतं ‘ओहायो’ म्हणत नाही, मोठ्या माणसासाठी पुढं ‘गोझाइमास’ लावते. सासूबाई हसतात.

त्यांच्या त्या प्रश्नाला उत्तर मात्र अजून मला सापडलं नाही. तरी दिवेलागणीला वही घेऊन मी बसतेच.