उधारीवरचा रंधा

पावसाळा लागला की आमच्या हट्ट्यातल्या जुन्या घरांची दारं फुगतात. उन्हाळाभर एका बोटाने मिटणारं दार आषाढात चौकटीला अडून बसतं. मग घरातलं प्रत्येक जण त्याला आपापल्या स्वभावाप्रमाणे वागवतं. मुलं लाथ मारतात, आमचे हे खांदा लावतात आणि मी तेल घालते. बिजागरीला तेल घालून उपयोग नसतो हे माहीत असूनही घालते! फळ्यांचं लाकूड हवेतला ओलावा पिऊन रुंदीत वाढतं, लांबीत मात्र वाढत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून असं दार कडेला अडतं. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही, आमच्या वाढईदादांकडून मिळालं आहे.

सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. बालाघाट जिल्ह्याची १९५६ पर्यंत राजधानी नागपूर होती. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, पण ओसरीवरचे शब्द काही सीमेला विचारून राहत नाहीत. आमच्या गल्लीत एका घरी मराठी, दुसऱ्या घरी पोवारी आणि दुकानात हिंदी. त्यामुळे कुणी रंधा म्हणतं, कुणी रंदा म्हणतं. बाहेरची मंडळी हट्ट्याला येतात ती बावडी बघायला. तिच्या दगडी कमानी बघून वाहवा करतात, आणि ते योग्यच आहे. पण गावातल्या लाकडाच्या कामाकडे कुणी मान वर करून बघत नाही. आमच्या घराचे सागवानी खांब, देवघराचा दरवाजा, शास्त्र ठेवायची चौकी, सगळं वाढईदादा आणि त्यांच्या वडिलांच्या हातचं.

मैत्रिणींनो, आपल्या घरांत सुताराचा मान थोडा वेगळाच असतो. महाराज विहार करत गावात आले की त्यांच्यासाठी लाकडी तखत लागतो. त्यावर गादी नाही, चादर नाही, उघड्या फळीवरच त्यांचं बसणं आणि विसावणं. त्या फळीला कुस निघालेली चालत नाही. भेग असली तर तीत बारीक जीव जाऊन बसतो आणि पिच्छीने तो अलगद बाहेर काढणं अवघड होतं. म्हणून तखताची फळी अशी हवी की वरून हात फिरवला तर कुठे अडायला नको. तो गुळगुळीतपणा रंगाने येत नाही, पॉलिशनेही येत नाही, तो रंध्याने येतो. वाढईदादांचा रंधा चालू असला की लांबच लांब पातळ कीस निघायचा, आमच्या पोह्याच्या पापडाहून पातळ.

दोन वर्षांपूर्वी ते दार तासायला आले आणि पहिल्यांदाच दार तासून परत लावायला त्यांना पूर्ण दिवस लागला. त्यांचा रंधा लाकडी. मधल्या खाचेत पातं बसवायचं आणि लाकडी पाचर ठोकून ते घट्ट करायचं. कीस जाड हवा असेल तर पात्याच्या डोक्यावर हातोडीचा हलका ठोका, पातळ हवा असेल तर रंध्याच्या मागच्या अंगाला ठोका. ठोका किती हलका, हे सांगता येत नाही, ते हाताला कळतं. आणि त्यांचा हातच आता ऐकेनासा झाला होता. सत्तरी उलटलेली, बोटं थरथरत होती. एक ठोका जास्त पडला की पातं खोल जायचं आणि लाकूड चरचरत फाटायचं.

"वहिनी, दोष रंध्याचा नाही," ते म्हणाले. "हात थरथरते आता. पाचर ठोकाची म्हटली तं पातं कुठच्या कुठं जाते. यंदाचा पावसाळा शेवटचा समजा."

घरात दुसऱ्या दिवशी चर्चा झाली. मुलगा म्हणाला, सगळी दारं काढून टाकू, फायबरची बसवू, फुगायची भानगडच नको. हे म्हणाले, बालाघाटहून मशीनवाला बोलावू, एका दिवसात सगळी तासून देईल. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझ्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. माझी बोटं आखडायला लागली तेव्हा पाट्यावरचं वाटण सुटलं आणि मिक्सर आला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आता हिच्या हातचं बंद करा, दुसरी बाई आणा. हत्यार बदललं, स्वयंपाकीण तीच राहिली. मग वाढईदादांच्या बाबतीत आपण आधी माणूसच का बदलायला निघालो?

धाकट्या भाच्याने आयटीआयमध्ये सुतारकाम केलं आहे. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मामी, त्यांना लोखंडी जॅक प्लेन द्या." ते काय असतं हे त्याने मला कागदावर काढून दाखवलं. अंग ओतीव लोखंडाचं, पातं साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकं बसलेलं. पात्याच्या मागे पितळेची एक चकती. ती बोटाने फिरवली की पातं केसभर खाली उतरतं किंवा वर चढतं. पातं एका बाजूला कललं असेल तर वरची छोटी दांडी इकडे तिकडे सरकवायची. घट्ट करायला पाचर नाही, एक खटका असतो. हातोडीचं कामच नाही!

लोखंडी तळाचे रंधे तसे नवे नाहीत. रोमन लोकांच्या काळातले उत्खननात सापडलेले आहेत. पण आजचा चकतीवाला रंधा अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली नावाच्या कारागिराच्या डोक्यातून निघाला. त्याची महत्त्वाची पेटंटं १८६७ सालची. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने ती विकत घेतली आणि हाच नमुना जगभर गेला. दीडशे वर्षं होऊन गेली तरी त्यात मोठा बदल झालेला नाही. आपल्याकडे पंजाबात जालंधर-लुधियानाकडे हातहत्यारांचे कारखाने आहेत, तिथेही याच घडणीचे रंधे होतात. म्हणजे वस्तू परदेशी राहिलेली नव्हती. फक्त आमच्या वाढईदादांपर्यंत ती पोचली नव्हती.

आता अडचण आली ती घरातूनच. सासूबाईंचा रोजचा स्वाध्याय असतो. त्या म्हणाल्या, "हत्यार दान करायचं म्हणतेस? रत्नकरंड श्रावकाचारात हिंसादान सांगितलंय. कुऱ्हाड, तलवार, कुदळ दुसऱ्याला देऊ नये." मी गप्प बसले, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आपण विळीसुद्धा शेजारी देताना मनात एकदा विचार करतो. पण सासूबाईंचं एक आहे, शंका आली की त्या स्वतःच तिच्या मुळाशी जातात. संध्याकाळी वाढईदादा ओसरीवर आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "या रंध्याने ओलं झाड कापता येतं का हो?"

"नाही माय," दादा हसले. "ओल्या लाकडात रंधा चोंदते. वाळल्याशिवाय मी फळी हातातच घेत नाही."

"आणि लाकडात किडा असला तर?"

"घुणाची भोकं दिसली का फळी बाजूला. तिच्यात पातं घालून पातं खराब कोण करन?"

सासूबाई बराच वेळ माळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "आदिनाथांनी सहा कर्मं शिकवली, असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. शिल्प शिकवलं ते हत्याराशिवाय कसं होणार? आचार्यांनी नाव घेतलं ते वधाला कारण होणाऱ्या वस्तूंचं. हा तर मेल्या लाकडाला चांगलं करतो."

मी दादांकडून खरेदीच्या खुणा लिहून घेतल्या आणि हट्टा रोडहून गाडीने गोंदियाला गेले. रंधा चौदा इंची हवा, पातं दोन इंची. दुकानदार म्हणाले, "बाई, मिस्त्रीला पाठवा, तुम्हाला काय कळणार?" मी पर्समधून लोखंडी पट्टी काढली. रंधा उलटा धरून तळावर पट्टी उभी ठेवली आणि उजेडाकडे बघितलं. पहिल्या रंध्याच्या मधोमध पट्टीखालून उजेड दिसत होता, म्हणजे तळ खोलगट. असा रंधा फळी सपाट कशी करणार? दुसऱ्याचा तळ बरा निघाला. मग पात्याच्या पाठीवर बसणारी लोखंडी पट्टी पात्याला नीट चिकटते का ते बघितलं. तिथे फट राहिली तर कीस अडकून रंधा चोंदतो. चकती फिरवून बघितली, लाकडी मूठ हलवून बघितली. दुकानदारांनी मुकाट्याने तिसरा रंधा काढून दिला. तोच घेतला, अठराशे पन्नास रुपयांना.

भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, नारळ कानाशी हलवतो. हत्यार बघून घेणं काही त्याहून वेगळं नाही. फक्त कुणी तरी खुणा सांगाव्या लागतात.

दादांनी रंधा हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलले, "लय जड हाय." दुसरं वाक्य, "दगडावर पडला तं फुटन." दोन्ही बरोबर. असा रंधा दोनेक किलोचा असतो आणि ओतीव लोखंड आपटलं की तडकतं. मग त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, फुकटचं हत्यार हाताला लागत नाही. याचे पैसे वहीत मांडा. माझा निम्मा रोज कापत जा."

मी नाही म्हणणार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि यांच्या दुकानातली लाल वही आणून त्यांच्यासमोर नाव घालून रक्कम मांडली. सासूबाईंना ते कळलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, "मग दानाचा प्रश्नच मिटला. ही तर उधारी झाली. आपल्या घराला तीच चांगली जमते."

नवा रंधा दुकानातून आणला की लगेच चालत नाही. आठ दिवस दादा त्याच्याशीच बसले. जाड काचेवर एमरी कागद ठेवून त्यावर तळ घासला. पात्याची पाठ दगडावर तेल टाकून आरशासारखी केली, मग धार लावली. तळ सरसर चालावा म्हणून मेणबत्तीचा तुकडा घासायचा असतो. मेण म्हटल्यावर मी दचकले, पण साधी मेणबत्ती खनिज तेलाच्या मेणाची असते, मधमाशीच्या पोळ्याची नाही, हे भाच्याने सांगितलं तेव्हा काळजी गेली. पावसाळ्यात लोखंड गंजू नये म्हणून जवसाच्या तेलाचा बोळा पुसून रंधा फडक्यात गुंडाळून ठेवायचा, हे दादांनी स्वतःच ठरवलं.

आणि एक गोष्ट घडली, तिचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. ज्या जडपणाबद्दल त्यांची तक्रार होती, तोच कामाला आला. दोन किलोचं लोखंड फळीवर बसलं की थरथरणारा हात त्याच्यावर स्थिर होत होता. हलका लाकडी रंधा हाताबरोबर हलायचा. हा हाताला धरून ठेवत होता. चकती फिरवायला बोट थरथरलं तरी बिघडत नव्हतं, चकती तेवढीच फिरायची. पहिला कीस निघाला तो दादांनी उजेडात धरला, बोटांत चुरगळला आणि काही न बोलता दुसरा काढायला घेतला.

त्या पावसाळ्यात त्यांनी आमची नऊ दारं तासली. दिवसाला दोन तास काम, त्याहून जास्त नाही. आणि तासताना हात आखडता. "भादव्यात जेवढं अडते तेवढं सारं काढलं तं माघात फट पडते," असं म्हणून थोडं अडणं ते मुद्दाम ठेवतात. मशीनवाल्याने एवढा विचार केला असता का, कोण जाणे! बहुधा त्याला माघापर्यंत थांबायचंच नसतं.

दिवाळीत महावीर निर्वाणाचा लाडू चढवून झाला की दुकानात नवी वही उघडते. त्याच्या आदल्या दिवशी दादा आले, खातं बघितलं. शेवटचे दीडशे रुपये बाकी होते. ते त्यांनी रोख दिले आणि नावावर रेघ मारून घेतली. नव्या वहीत आपलं नाव नको, हा त्यांचा आग्रह.

आपल्या मंडळात प्रभावनेला स्टीलच्या वाट्या वाटतो. प्रत्येकीच्या कपाटात त्यांची उतरंड लागलेली आहे. मी वाट्यांच्या विरुद्ध नाही. पण गावात शिंपीण आहे, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. कुंभाराचे गुडघे गेलेत. आपल्याकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडून देणारी बाई आहे, तिचं मनगट दुखतं. यांची कामं आपण एकेक करून बंद करतो आणि वर म्हणतो, आता पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत. माणसं आहेत. त्यांना काय अडतंय ते एकदा जवळ बसून विचारलं पाहिजे, आणि मग पट्टी पर्समध्ये टाकून बाजारात गेलं पाहिजे. पैसे दान म्हणून द्यायचे की वहीत मांडायचे, ते मात्र त्यांना ठरवू द्यावं.