उतरती दांडी

सायकल घेणें हें वस्त्र शिवून घेण्यासारखेंच आहे. ती अंगाला बसली पाहिजे. आमच्या तरुणपणीं हें काम सोपें होतें. वरची दांडी जमिनीशीं समांतर असे. म्हणून बैठकीखालची नळी जितक्या इंचांची, तितकें सायकलीचें माप. 22 इंची किंवा 24 इंची एवढें म्हटलें कीं पुरे. दांडीच्या दोहों बाजूंस पाय टेकून नीट उभें राहतां आलें, म्हणजे परीक्षा संपली.

आतां पुष्कळ सायकलींची दांडी हँडलाकडून बैठकीकडे उतरत जाते. डोंगरी वाटांच्या सायकलींत ही रीत आधीं आली. पुढें 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस माइक बरोज या इंग्रज रचनाकारानें तैवानच्या जायंट कंपनीसाठीं शर्यतीची तशी चौकट तयार केली आणि ती रस्त्यावरही रूढ झाली. चौकटीचा त्रिकोण लहान झाला म्हणजे नळी कमी लागते व ताठपणा वाढतो. शिवाय बैठक पुष्कळ वरखालीं करतां येत असल्यानें लहान, मध्यम, मोठें अशा मोजक्या मापांत कारखानदाराचें भागतें. मात्र उतरत्या दांडीवर बहुतेक सर्वच जण पाय टेकून उभे राहूं शकतात. म्हणून जुनी परीक्षा आतां कांहींच सांगत नाहीं.

गतवर्षीं नातीस महाविद्यालयांत जाण्यासाठीं सायकल घ्यावयाची होती. रोजचें जाणें-येणें 12 किलोमीटरांचें. एका दुकानांत तिचे पाय टेकतात एवढें पाहून ‘मध्यम’ मापाची सायकल पुढें करण्यांत आली. परंतु बसून हँडल धरतांच तिचीं कोपरें ताठ झालीं व खांदे कानांकडे गेले. अशा आसनावर चार वर्षें काढल्यास मान व मनगटें यांची काय गत होईल? मीं मोजपट्टी मागितली, तेव्हां “आजोबा, होईल सवय” असें उत्तर मिळालें. सवय व्हावयाची होती ती मुलीच्या देहाला, दुकानदाराच्या नव्हे. आम्ही निघालों. दुसरीकडे ‘लहान’ म्हणून ठेवलेली एक सायकल तिला नेमकी बसली.

खरें माप असें पाहावें. हँडलच्या नळीच्या माथ्यापासून मागें बैठकीच्या दांड्यापर्यंत एक आडवी रेषा कल्पावी. डोळ्यांना दिसणारी तिरपी दांडी नव्हे, तर ही न दिसणारी रेषा म्हणजे सायकलीची लांबी. तींतही एक मेख आहे. बैठकीची नळी एका अंशानें अधिक उभी केली, तर त्या उंचीवर सुमारें 1 सेंटिमीटराचा फरक पडतो. यासाठीं पेडलांच्या आंसापासून त्याच माथ्यापर्यंतची उभी उंची व आडवा पल्ला हीं दोन मापें अधिक विश्वासाचीं. दांडीच्या उताराचा वा बैठकीच्या कलाचा त्यांवर परिणाम होत नाहीं. अनेक कारखानदार तीं आतां छापतात.

आपल्या शुल्बसूत्रांत अग्निचयनाच्या चितीचें मान ‘पुरुष’ हें आहे. हा पुरुष म्हणजे कोणी सरासरीचा मनुष्य नव्हे. हात वर करून उभ्या राहिलेल्या त्या त्या यजमानाची ती उंची. यज्ञ ज्याचा, माप त्याचें. सायकलीसही हाच न्याय लावावा. मुलांना दुकानांत नेल्यावर चौकटीवरचें अक्षर वाचून थांबूं नये. त्यांना वर बसवावें, पट्टी लावावी, आणि मगच पैसे मोजावे.