ओट्याची उंची

दिवाणखाना जुना दिसूं लागला, कीं तें घरांतील सर्वांच्या ध्यानांत येतें. पाहुणे येतात, खुर्च्यांकडे पाहतात, आणि आपणांसच संकोच वाटूं लागतो. स्वयंपाकघरापर्यंत पाहुण्यांची दृष्टि क्वचितच पोहोंचते. म्हणून मध्यमवर्गीय घरांत रंग, पंखे, पडदे यांचा मान आधीं आणि ओटा व मोरी यांचा शेवटीं, असा क्रम ठरून गेलेला आहे. पुण्यांतील आमच्या घरींहि तो निष्ठेनें पाळला गेला. 1981 सालीं बांधलेल्या आमच्या स्वयंपाकघरास हात लागला तो चाळीस वर्षें उलटून गेल्यावर. तोंवर दिवाणखान्याचा रंग चार वेळां बदलला होता.

काळ्या कडप्प्याचा ओटा सांध्यांत फुटला होता, मोरीखालची भिंत ओल धरीत होती, आणि खिडकी इतकी लहान, कीं भर दुपारीं दिवा लावावा लागे. असें असलें तरी या खोलीस सरसकट जुनाट म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. एके काळीं ती स्वतःच एक मोठी सुधारणा होती. माझी आजी वाड्यांतल्या अंधाऱ्या खोलींत चुलीपुढें पाटावर बसून रांधीत असे. चूल, वैल, पाटा-वरवंटा, पाण्याची कळशी, सारें जमिनीवर. दर वस्तूसाठीं उठावें आणि पुन्हा बसावें. डोळे चोळीत फुंकणी फुंकावी. गॅसची शेगडी आली, तिच्याबरोबर उभा ओटा आला, आणि माझी आई धुरांतून व उठबशींतून एकदमच सुटली. आजीला मात्र उभ्यानें रांधणें अखेरपर्यंत परकेंच वाटलें.

युरोपांत या उभ्या स्वयंपाकघराचें शास्त्र पुष्कळच आधीं तयार झालें होतें. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पज्ञ बाईंनीं 1926 मध्यें फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर आंखलें. रुंदी सुमारें 1.9 मीटर, लांबी 3.4 मीटर. गृहिणीच्या हालचाली मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरविलेली. पीठ, तांदूळ यांचे खण हाताशीं. आणि कांहीं कामें बसून करतां यावींत म्हणून एक फिरतें आसन. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें बांधलीं गेलीं. आज ज्यांस आपण ‘मॉड्युलर’ म्हणतों, त्या आंखीव स्वयंपाकघरांचें मूळ पुष्कळजण तेथेंच पाहतात. स्त्रीचे श्रम वांचावे हा हेतु निःसंशय थोर. परंतु त्या चिंचोळ्या खोलींत एकाच माणसास धड काम करतां येई. पुढें टीकाकारांनीं नेमकें हेंच दाखवून दिलें: काम हलकें झालें, पण तें एकटीचें आहे हें गृहीत भिंतींत कायमचें चिणलें गेलें. आणखी मौज अशी, कीं ही खोली आंखण्यापूर्वीं आपण कधीं स्वयंपाक केला नव्हता, असें स्वतः बाईंनींच पुढें सांगितलें.

आमच्या ओट्याची उंची कोणी ठरविली होती? गवंड्यानें. आई ठेंगणी, पोळ्या लाटतांना तिचे खांदे कानांशीं जात, म्हणून ती पायांखालीं लांकडी पाट घेऊन उभी राही. तो पाट आमच्या स्वयंपाकघराचें एक अंगच होऊन बसला होता. माझी पत्नी उंच. ती त्याच ओट्यापुढें वीस वर्षें वांकून उभी राहिली आणि तिची कंबर धरली. ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खालीं असावा, हा नियम साधा आहे. त्यासाठीं स्वयंपाक करणाऱ्यास एकदां भिंतीशीं उभें करून मोजपट्टी लावावी लागते, एवढेंच. काम काढण्याच्या सुमारास मीं आईला विचारलें, “तेव्हां तुला कुणी कांहींच विचारलं नव्हतं?” ती म्हणाली, “विचारलं होतं ना. टाइल्स पांढऱ्या हव्यात कीं निळ्या, म्हणून.”

आमचा ठेकेदारहि नमुन्यांचें पुस्तक उघडून रंगांपासूनच आरंभ करूं लागला. पत्नीनें तें मिटून ठेवलें व त्याच्या हातीं मोजपट्टी दिली. मुख्य ओटा तिच्या कोपराच्या मापानें चार इंच वर चढला. खिडकी मोठी झाली, आणि तिच्याजवळ अडीच फूट उंचीचा एक तुकडा आईसाठीं निराळा बांधला. तेथें खुर्चीवर बसून तिला भाजी निवडतां येते. शेवटचा आग्रह असा, कीं दोन माणसांना एकमेकांस धक्का न लागतां वावरतां यावें. त्यासाठीं चार फूट मोकळी जागा हवी होती, आणि ती दिवाणखान्यांतूनच मिळण्यासारखी होती. मधली भिंत अर्ध्या विटेची आहे, तिच्यावर भार नाहीं, अशी अभियंत्यानें खात्री दिल्यावर ती दीड फूट सरकविली. दिवाणखान्यानें स्वयंपाकघरासाठीं कांहीं सोडल्याचा आमच्या घराण्यांतील हा पहिलाच प्रसंग असावा.

दीड महिना आम्ही खानावळीच्या डब्यावर काढला. आतां नवा ग्रॅनाइट चकाकतो, पाहुणे आंत डोकावून त्याची स्तुति करतात. मला त्याहून मोलाची वाटते ती मोकळी चार फूट जागा. जागा झाली म्हणजे मनुष्य आपोआप कामाला लागतो असें नाहीं. परंतु ‘येथें दोघांना उभें राहतां येत नाहीं’ ही पिढ्यान्‌पिढ्यांची सबब आमच्या घरांतून गेली. सकाळचा चहा आणि संध्याकाळची कोशिंबीर तेव्हांपासून मजकडे आहे. आईचा अभिप्राय असा, कीं माझी फोडणी अजून कच्चीच राहते. आणि हें ती खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवरून, लसूण सोलतां सोलतां सांगते.